अंकाराच्या मांजरीचा आवाज

फोन उचलून मी नुसतं "कोण बोलतंय?" एवढंच म्हटलं, तर पलीकडची बाई रडायला लागली.

रडणाऱ्या बायकांचं मला नवल नाही. उभी हयात मी दुसऱ्यांसाठी रडण्यात घालवली, आणि ते रडणं उत्तम होतं असं मी स्वतःच्याच तोंडाने सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. पण हे रडणं कच्चं होतं, नाक ओढत केलेलं. "अहो, कुठला नंबर लावलाय तुम्ही?" मी विचारलं. त्यावर हुंदका आणखी वाढला आणि मग एक शब्द आला.

"आई?"

"मला मूलबाळ नाही," असं फटकारून मी फोन आपटला. माझ्या नाकाला मिरची झोंबायला फार वेळ लागत नाही.

पाच मिनिटांनी तो पुन्हा वाजला. आता तिने स्वतःला सावरलं होतं. नाव फेर्दा, बोलतेय जर्मनीतल्या डुइसबुर्गहून. शेहनाझ तुफान नावाच्या नटीबरोबर काम केलेलं कुणी हयात आहे का, असं ती इस्तंबूलमध्ये महिनाभर फोनवर विचारत होती. कुणीतरी माझा नंबर दिला होता.

"शेहनाझ तुफान माझी आई. मी दोन वर्षांची असताना ती गेली. पण तुम्ही, नेबाहत हानम, तुम्ही तिच्या आवाजात बोलताय."

फोनशेजारी चपला घालायचं स्टूल असतं, त्यावर मी बसले.

"पोरी," मी म्हटलं, "मी तिच्या आवाजात नाही बोलत. ती माझ्या आवाजात बोलायची."

आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या काळी इस्तंबूलमध्ये वर्षाला दोन-अडीचशे सिनेमे निघायचे आणि सगळे मुके काढले जायचे. कॅमेऱ्यामागून एकजण संवाद ओरडायचा, नटनट्या ओठ हलवायच्या. ज्यांना संवाद जमत नसत ते एक, दोन, तीन, चार असे आकडे म्हणायचे. रागाचा प्रसंग असला तर जरा जोरात म्हणायचे. मग आम्ही पाच-सहाजण बेयोग्लूच्या एका तळघरात, एका माईकभोवती कोंडाळं करून, एका दिवसात अख्खा सिनेमा बोलता करायचो. नायिका मी, नायिकेची आई मी, मोलकरीण मी, आणि घरात पोपट पाळलेला असला तर पोपटही मीच. सिनेमाच्या पाटीवर चहावाल्याचं नाव असायचं, आमचं नसायचं. एकदा खाटकाच्या दुकानात मी अर्धा किलो खिमा मागितला, तर मागची बाई फणकारली, "शेहनाझ तुफानची नक्कल करतेय बघा, या वयात!" घरी येऊन मी ताटं आपटली होती.

फेर्दाला यातलं काही माहीत नव्हतं. ती वाढली जर्मनीत, एका मावशीपाशी. आईचा आवाज तिचाच असणार, यात शंका घ्यावी असं तिला कधी वाटलंच नाही, आणि तसं कुणाला वाटेल?

पंधरा दिवसांनी ती आली. कुर्तुलुशमधल्या माझ्या तिसऱ्या मजल्यावर धापा न टाकता चढून आली, दारात उभी राहिली, आणि मला घाम फुटला. तेच रुंद कपाळ, तेच जरा पुढे आलेले दात. पण ती बोलायला लागली तेव्हा मी आणखी चपापले. परदेशात वाढलेल्या पोरांची तुर्की ऐकवत नाही. हिची अशी स्वच्छ, घोटलेली, प्रत्येक शब्दाला इस्त्री केलेली.

"कुणी शिकवली एवढी छान भाषा?"

"तुम्हीच," ती म्हणाली. "मावशीची बोली मला लाजिरवाणी वाटायची. मी सिनेमा लावून आईसारखं बोलायला शिकले. म्हणजे, आईसारखं असं मला वाटायचं."

तिने पिशवीतून एक व्हिडिओ कॅसेट काढली. झाकणाचा रंग उडालेला, कडा चिकटपट्टीने सांधलेल्या. ती अकरा वर्षांची असताना डुइसबुर्गच्या तुर्की किराणा दुकानात, भाड्याच्या कॅसेटींमध्ये तिला ही सापडली होती. घरात आईचा एकच फोटो होता, मावशीच्या बटव्यात दडवलेला, पण पोरीने तो चोरून पाहिला होता. तिने चेहरा ओळखला. कॅसेट तिने परत केलीच नाही.

सिनेमाचं नाव 'अंकाराची मांजर इस्तंबूलमध्ये'. एकाहत्तर सालचा. रुक्नेत्तिन बे नावाच्या दिग्दर्शकाने अकरा दिवसांत उरकलेला. अदानाच्या वितरकाने आधीच निरोप धाडला होता: तीन मुडदे, दोन नाच, एक आंघोळ, मग गोष्ट तुम्हाला हवी ती घाला. गोष्ट अशी की 'अंकाराची मांजर' ही सरकारची गुप्तहेर. काळ्या चामड्याचे कपडे घालून ती अफूवाल्यांच्या टोळीत नाचणारी म्हणून शिरते, बाकलावा मिठाईच्या परातीतून मायक्रोफिल्म पळवते, आणि शेवटी टोळीचा म्होरक्या परक्या देशाचा हेर निघतो. रक्त टोमॅटोचं. पिस्तुलाचा आवाज म्हणजे आमचा ध्वनिमुद्रक आर्तिन उस्ता चामड्याच्या उशीवर लाकडी पट्टी हाणायचा. कच्ची फिल्म महाग, म्हणून कुठलंही दृश्य दुसऱ्यांदा घेतलं नाही. एका ठिकाणी म्होरक्याची अर्धी मिशी सुटते आणि तो ती बोटाने दाबून धरून जगाला धमकी देतो. तसाच सिनेमा लागला.

"हसू नका," फेर्दा म्हणाली, कारण मी आठवून हसत होते.

"बरं, नाही हसत."

"त्यात एक प्रसंग आहे. ती कामगिरीवर निघते. घरात तिची लहान मुलगी असते. दारात खाली बसून ती मुलीला सांगते..." फेर्दाने डोळे मिटले. "म्हणाल का ते?"

मला ते वाक्य आठवत होतं. आम्ही लोक नवऱ्याचा वाढदिवस विसरतो, वाक्यं विसरत नाही. पाठ ताठ करून, चहाचा पेला बाजूला सारून मी म्हटलं, "दार लावून घे, सोन्या. कुणीही हाक मारली तरी उघडू नकोस. फक्त माझा आवाज आला, तरच उघड."

ती म्हणाली, की एवढंच वाक्य तिने वेगळ्या कॅसेटवर उतरवून घेतलं होतं आणि सोळा वर्षांची होईपर्यंत ते ऐकत झोपत होती.

तुम्हाला वाटेल मला वाईट वाटलं. खरं सांगते, आधी मी फुशारले. पंचवीस वर्षं घसा फोडला त्याचं कुणाला तरी मोल होतं. माझ्या आवाजावर एक लेकरू वाढलं होतं. आयत्या बिळावरचा नागोबा मी, आणि वर मलाच त्याचा अभिमान!

"आता मला सांगा," फेर्दा म्हणाली. "तिचा आवाज कसा होता? तेवढ्यासाठीच आलेय मी. तिचं दुसरं काही माझ्याकडे नाही. चेहरा आहे. आवाज होता असं वाटायचं, तोही तुमचा निघाला."

मी उठून चहा पुन्हा गरम करायला गेले. चहा गरमच होता.

शेहनाझ तुफान ही रिझेच्या वरच्या एका खेड्यातली हव्वा. चहाचे मळे, धुकं, आणि बाप मशिदीच्या पहिल्या रांगेतला. एका मासिकाच्या सौंदर्यस्पर्धेत तिसरी आली म्हणून ती शहरात राहिली. रुक्नेत्तिन बे तिला म्हणाला होता, आंघोळीत फक्त खांदे दिसतील. आणि त्याने तेवढेच दाखवले, हे मी शपथेवर सांगेन. पण गावोगावचे थिएटरवाले तिथे कुठल्याशा परदेशी सिनेमातले तुकडे चिकटवायचे. अंग भलत्याच बाईचं, तोंड हिचं, आवाज माझा. तो सिनेमा रिझेला पोचला तेव्हा बाप म्हणाला, "मला एकच मुलगी आहे, ती जर्मनीत असते." तीन वर्षांनी न्हाणीघरातल्या पाणी तापवायच्या गॅसने ती गुदमरून मेली. मूल त्या वेळी शेजारणीकडे होतं. जर्मनीतली ती बहीण येऊन त्याला घेऊन गेली.

हे सगळं फेर्दाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते मला सांगायचं होतं.

"तिची बोली काळ्या समुद्राकडची होती," मी म्हटलं. "वाक्य चढ चढल्यासारखं वर जायचं आणि टोकावरून उडी घ्यायचं. आवाज जरा जाड. नाकातून नाही, छातीतून."

"मला करून दाखवा ना. तुम्ही कुणाचाही आवाज काढता, असं ऐकलंय."

आणि मी तोंड उघडलं. काळ्या समुद्राकडची बोली मला लोण्यासारखी येते. पहिलेच तीन शब्द बाहेर पडले आणि मलाच ऐकू आलं की हा हव्वाचा आवाज नाही. ही तिची थट्टा होती. चोवीस वर्षांपूर्वी त्या तळघरात मी केली होती तीच, जशीच्या तशी.

मी थांबले. "हे मला नाही करता येणार," म्हटलं, आणि मग का ते सांगितलं.

डबिंगच्या दिवशी हव्वा सकाळी आठला हजर झाली होती. नट्या तिथे कधी येत नसत. तिच्या हातात शाळेची वही होती. सगळे संवाद तिने स्वतःच्या अक्षरात उतरवून महिनाभर पाठ केले होते. ती रुक्नेत्तिन बेला म्हणाली, "मालक, एकदा मला बोलू द्या. माझं तोंड आहे, माझा आवाज असू दे." तो त्या दिवशी खुशीत होता. म्हणाला, बोल. ती माईकपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मायक्रोफिल्म माझ्या हवाली कर, नाहीतर गोळी घालीन." वाक्य वर चढलं आणि टोकावरून त्याने उडी घेतली.

अजून कुणी हसलं नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, ती मी. तिच्याच बोलीत मी ओरडले, "ताजी मासळी घ्या हो, मायक्रोफिल्मवर एक किलो फुकट!"

तळघर हसून फुटायची पाळी आली. आर्तिन उस्ताने डोळे पुसले. रुक्नेत्तिन बेने तिच्या पाठीवर थाप मारली, "जा पोरी, बस तिकडे, मांजरीने बोलायचं नसतं." तीसुद्धा हसली. दात पुढे होते म्हणून ती हसताना तोंडावर हात धरायची. वही बंद करून ती कोपऱ्यात जाऊन बसली, पण घरी गेली नाही.

"तुम्ही असं का केलंत?" फेर्दाने विचारलं.

"काम जाईल म्हणून. नट्या स्वतः बोलायला लागल्या तर मला कोण विचारतंय?" मी म्हटलं. "आणि ती तरुण होती, सुंदर होती. मी चाळिशीची होते, आणि मला कुणी पाहत नव्हतं. आणखी काही कारण हवंय?"

ती कॅसेट उचलून पिशवीत ठेवायला लागली. ती निघून जाणार हे मला दिसलं, आणि जाऊ द्यावं असंही वाटलं, कारण मला तीच शिक्षा होती. पण तिच्या हातातली ती कॅसेट बघता बघता मला त्या दिवसाची संध्याकाळ आठवली.

"थांब," मी म्हटलं. "शेवट पाहिलायस तू?"

"कसला?"

"सिनेमाचा. ती मरते तो."

"नाही," फेर्दा म्हणाली. "एकदाही नाही. हैदरपाशा स्थानकाच्या पायऱ्यांवर तिला गोळी लागते, तिथे मी बंद करते. मला तिला मेलेलं नाही बघायचं."

"म्हणजे तू तिचा आवाज कधी ऐकलाच नाहीस. तो तुझ्याकडे होता, पोरी. बारा वर्षं तुझ्याकडे होता."

त्या संध्याकाळी सहा वाजता ते तळघर आम्हाला सोडायचं होतं. दुसऱ्या सिनेमाची माणसं दाराबाहेर खोकत उभी होती. दिवसभर चार बायका आणि एक पोपट करून माझा घसा बसला होता. फक्त शेवटचं रडणं राहिलं होतं. मी तोंड उघडलं तर नुसती फुसकी हवा. रुक्नेत्तिन बेने कोपऱ्याकडे बोट केलं. "ए, तू ये. रडायला काही बोली लागत नाही." हव्वा उठून आली. पडद्यावर ती पायऱ्यांवर कोसळली होती, ओठ हलत होते. शूटिंगच्या वेळी ती बहुधा आकडेच मोजत असेल. ती माईकपुढे वाकली आणि रडली. त्या रडण्यात मध्येच तिच्या तोंडून निसटलं, "उय, आई गं." तिच्या गावच्या बायका म्हणतात तसं, वर चढवून, खाली सोडून. आर्तिन उस्ताने विचारलं, कापू का? रुक्नेत्तिन बे घड्याळ बघत म्हणाला, "राहू दे. वेळ नाही."

मी फेर्दाला हे सांगत असतानाच कॅसेट माझ्या व्हिडिओत सरकवली. भाच्याने दिलेलं ते यंत्र कुरकुरलं, पण चाललं. सुरुवातीपासून टेप झिजलेली, पडद्यावर पाऊस पडल्यासारखं. दाराचा प्रसंग तर जवळजवळ पुसून गेलेला. मी पुढे ढकलत नेलं. मिशी धरलेला म्होरक्या धावत गेला, बोटी धावल्या, मग स्थानकाच्या पायऱ्या आल्या. आर्तिन उस्ताची पट्टी उशीवर बसली.

आणि एकदम चित्र स्वच्छ झालं. तिथून पुढे फेर्दाने टेप कधी चालवलीच नव्हती. काळ्या चामड्यातली हव्वा पायऱ्यांवर, टोमॅटो हनुवटीवरून ओघळतोय, आणि ते रडणं. जाडसर, छातीतलं. ओठांशी न जुळणारं. "उय, आई गं."

आठ सेकंद असतील. नंतर संगीत.

मला वाटलं होतं फेर्दा कोसळेल. ती हलली नाही. मग तिने हात लांब करून टेप मागे घेतली आणि पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. चौथ्यांदा ऐकताना तिचा चेहरा बदलला.

"ही तर हातिजे मावशी," ती म्हणाली.

"काय?"

"हा मावशीचा आवाज आहे. हाच. ती अशीच म्हणायची. गुडघा दुखला की, भांडं पडलं की. 'उय, आई गं.' रोज." ती माझ्याकडे बघत नव्हती. "कारखान्यातून पाळी संपवून आली की ती खालूनच हाक मारायची. हातात पिशव्या असायच्या. मैत्रिणी घरी असल्या की मी दार उघडायला उशीर करायचे. त्यांनी तिचं बोलणं ऐकू नये म्हणून. टीव्ही मोठा करायचे. एकदा मी तिला म्हटलं, 'मावशी, जरा आईसारखं बोलायला शीक ना.' तिने तो सिनेमा पाहिला नव्हता. आईसारखं म्हणजे कसं, हे तिला कुठे माहीत होतं? तिला वाटलं असेल, मी तर तसंच बोलतेय."

हातिजे मावशी गेल्या हिवाळ्यात वारली होती. तिच्या आवाजाची कॅसेट कुणी केली नव्हती. फेर्दाने स्वतःच्याच गुडघ्यांवर डोकं ठेवलं आणि ती रडली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, कारण तो हात माझा होता. मी फक्त शेजारी बसून राहिले. माझ्या एका विनोदामुळे आई गप्प झाली होती, आणि माझ्या आवाजामुळे मावशी परकी झाली होती. एवढं सगळं मी एका घशाने केलं.

चार वाजता तिला विमानतळावर निघायचं होतं. जाताना तिने कॅसेट घेतली. मला बोल लावला नाही, आभारही मानले नाहीत. बरं केलं. मी दार लावलं, साखळी अडकवली आणि पेले उचलायला लागले.

दोन मिनिटांनी जिन्यात पावलं वाजली. तिचा रुमाल खुर्चीच्या पाठीवर राहिला होता. तिने घंटी वाजवली नाही, बाहेरूनच हाक मारली, "दार उघडता का जरा?"

तो माझा आवाज होता. चाळिशीतला, पोलादासारखा, प्रत्येक शब्दाला इस्त्री केलेला. त्या आवाजात कुठे डोंगर नव्हता, हव्वा नव्हती, हातिजे नव्हती. पेले हातात धरून मी उभी राहिले, आणि मला ते दार उघडायचा धीर होईना. तिने दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मी साखळी काढली, तिला रुमाल दिला, आणि ती गेली.